एका तबकडीतली दोन गाणी

शास्त्रोक्त शिक्षणाच्या वळणाचा गळा आणि गाणी मात्र दहा घरची, अशी तबकडी हाती आली की जाणते रसिक जरा नाक मुरडतात. त्यांचे म्हणणे असे की, ही सगळी खिचडी. पोट भरते, पण चव कशाचीच नीट लागत नाही. आक्षेप अगदीच निराधार नाही. मात्र नाट्यसंगीतावर ज्यांचे कान पोसले गेले त्या आपण मराठी माणसांनी तरी खिचडीला एकदम नावे ठेवू नयेत. तिच्यात कोणते धान्य कोणत्या शेतातून आले, हे आधी पाहावे.

मी सांगणार आहे ते २००३ साली निघालेल्या 'प्युअर' या तबकडीविषयी. गायिका हेली वेस्टेनरा, न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरातली, वय अवघे सोळा. ही पोर आधी त्याच शहराच्या रस्त्यावर उभी राहून गात असे. ब्रिटनमध्ये अभिजात संगीताच्या विभागात कोणाही नवोदिताची पहिली तबकडी तोवर इतक्या झपाट्याने खपली नव्हती. पुढे जगभर वीस लाखांहून अधिक प्रती गेल्या.

आत काय आहे म्हणाल, तर विवाल्दीने १७२५ साली प्रसिद्ध केलेल्या 'चार ऋतूं'तल्या हिवाळ्याच्या सुरावटीवर बांधलेले गाणे आहे. राव्हेलच्या १८९९ मधल्या रचनेला शब्द चढवलेले एक आहे, कार्ल ऑर्फच्या १९३७ मधल्या 'कार्मिना बुराना'तला एक तुकडा आहे. एके काळी गुलामांच्या जहाजावर कप्तान असलेल्या जॉन न्यूटनचे ख्रिस्ती भजनही आहे. पावणेतीन शतकांचा हा बाजार खरा. परंतु माझे लक्ष अडकले ते दुसऱ्याच दोन गाण्यांपाशी. ती दोन्ही माओरी भाषेतली आहेत.

माओरी ही न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची भाषा. १८६७ च्या कायद्याने माओरी मुलांसाठी ज्या सरकारी शाळा निघाल्या त्यांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरले. पुढे तर शाळेत मातृभाषा तोंडातून निघाली की छडी बसे. छडी खाल्लेली मुले मोठी होऊन आईबाप झाली, तेव्हा त्यांतल्या अनेकांनी आपल्या लेकरांशी ती भाषा बोलायचे टाळले. भाषा मरू लागते ती अशी, घरातून. १९८७ साली तिला राजभाषेचा दर्जा मिळाला, आणि योगायोग असा की हेलीचा जन्मही त्याच वर्षीचा.

तबकडीतले पहिले माओरी गाणे 'पोकारेकारे आना'. हे प्रेमगीत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास माओरी सैनिकांच्या तोंडी होते. १९२१ साली पाराईरे तोमोआना यांनी ते छापले. त्याचा मूळ कर्ता कोण, यावर वाद आहे. आपल्या ओव्या जशा गावागणिक बदलतात तसेच याचेही झाले. एका जमातीच्या गाण्यात वाइआपू नदी येते, तर दुसरीच्या गाण्यात रोटोरुआ सरोवर.

दुसरी आहे अंगाई, 'हिने ए हिने'. हिने म्हणजे मुलगी. रडून दमलेल्या पोरीला आई निजवते आहे, एवढाच विषय. ही रचना १९०७ च्या सुमाराची, आणि रचणारी होती ते रांगी पाई. आई थोर कुळातली माओरी, वडील गोरे लष्करी अधिकारी. १९०१ साली ही बाई इंग्लंडला गेली, तिथे युरोपीय पद्धतीचे गायन शिकली आणि मैफली गाजवून १९०५ मध्ये परतली. १९१६ साली, पन्नाशीही न गाठता, ती वारली. अंगाई मात्र राहिली. १९८० नंतरच्या दशकात न्यूझीलंडच्या दूरचित्रवाणीवर रात्रीचे कार्यक्रम संपताना तिचीच सुरावट वाजे. साऱ्या देशाला ती निजवीत होती. शब्द मात्र तिथे नव्हते.

म्हणजे ज्याला आज आपण मिश्रण म्हणतो, ते ते रांगी पाईने शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवले होते. परक्यांची गानविद्या शिकून तिने गाणे रचले ते आपल्या आईच्या भाषेत.

आता १९९९ ची गोष्ट ऐका. लंडनजवळच्या ट्विकेनहॅम मैदानावर रग्बीच्या विश्वचषकातला सामना होता. हिनेवेही मोही या गायिकेने न्यूझीलंडचे राष्ट्रगीत केवळ माओरीत गायिले, आणि तिच्या मायदेशात एकच गदारोळ उठला. राजभाषा होऊन बारा वर्षे झाली होती, तरीही! त्यानंतरच दोन्ही भाषांत राष्ट्रगीत गाण्याचा प्रघात पडला. या गदारोळाला चारच वर्षे झाली असताना एका गोऱ्या मुलीने माओरी गाणी जगभर नेली, आणि कोणी हूं की चूं केले नाही.

मला यात कौतुक वाटते, तसा थोडा सलही वाटतो. दुबळ्या भाषेतली अंगाई आणि प्रेमगीत सर्वांनाच गोड लागते. तीच भाषा ध्वजाखाली उभी राहिली की कपाळाला आठ्या पडतात. हेलीच्या गोड गळ्याने हा प्रश्न सुटला नाही, आणि सोळा वर्षांच्या पोरीकडून ती अपेक्षाही करू नये. पण जी भाषा घरातून हद्दपार होत होती, तिची अंगाई वीस लाख घरांत शब्दांसकट पोचली. खिचडी म्हणून ही तबकडी बाजूला सारणाऱ्यांनी निदान तेवढी अंगाई ऐकून मग तिला नावे ठेवावीत.