सिडकोत माणसं राहायला का गेली?

घर कुठे घ्यायचं हे आज नाशिककर एजंटला विचारतो. आमच्या आधीच्या पिढीचं घर नोकरीनं ठरवलं. नाशिकरोडला १९२५ पासून प्रेस, ओझरला मिग विमानांचा कारखाना. कामगार त्याच्याच आसपास राहिला. सातपूर-अंबडच्या कामगाराची मात्र पंचाईत. जुन्या नाशकातल्या वाड्यात भाड्याच्या खोलीत किती जणांनी राहायचं?

त्याच्यासाठी सिडको आली. १९७० साली स्थापन झालेलं हे सरकारी महामंडळ. मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे, अंबड इथल्या शेतजमिनींवर एकामागून एक सहा योजना उभ्या राहिल्या. (ज्यांची शेतं गेली, त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.) घर छोटं, पण हप्त्यानं मिळणारं आणि कंपनी सायकलच्या टप्प्यात. १९८२ ला महापालिका झाली, वस्ती वाढत गेली. कागदावर नाव 'नवीन नाशिक'; रिक्षावाल्याला सांगून बघा, तो विचारेल, "म्हणजे सिडको ना?"

एक गोष्ट मात्र घर घेताना फारशी कुणी बघितली नाही. जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. हप्ते फिटले तरी घर विकायला सिडकोची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागायचं. फ्रीहोल्डची मागणी उगाच नाही झाली. पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघायला निघालेल्या मित्रांना म्हणून मी सांगतो, स्विमिंग पूल नंतर बघा, आधी सातबारा मागा.