रेड पांडा जंगलात घर कुठे करतो?

इंटरनेटवर फिरणाऱ्या फोटोंमध्ये रेड पांडा बहुतेक वेळा फांदीवर पाय सोडून गाढ झोपलेला दिसतो. मग त्याला घर लागतं की नाही? एरवी फारसं लागत नाही. पिल्लं होणार असली की मात्र लागतंच.

नेपाळ, भूतान, भारत, उत्तर म्यानमार आणि चीनच्या डोंगरांत, साधारण २,२०० मीटरच्या वर हा प्राणी राहतो. आपल्याकडे तो सिक्कीम, अरुणाचल आणि दार्जिलिंगच्या जंगलांत आहे. खाली खायला बांबू आणि वर झोपायला उंच झाडं, एवढं त्याला पुरतं. तिथल्या फर वृक्षांवर तांबूस शेवाळ असतं, त्यात त्याचं अंग सहज लपतं. थंडी वाढली की तो झुबकेदार शेपूट तोंडावर ओढून गोळा होतो.

पिल्लं मुख्यतः जून-जुलैत, म्हणजे ऐन पावसात जन्मतात. त्यामुळे कोरडी जागा हवी. मादी झाडाची ढोली, खडकातली कपार किंवा बांबूची दाट जाळी निवडते. प्रसूतीच्या काही दिवस आधी काटक्या, गवत, पानं तोंडात धरून आणते आणि आत अंथरते. पिल्लं बहुधा दोन, वजन जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम, डोळे मिटलेले. ते उघडायला अडीच-तीन आठवडे लागतात. पहिले काही दिवस आई बराच वेळ आतच असते, पुढे दर काही तासांनी दूध पाजायला येते. नर या कामात सहसा नसतोच!

गंमत म्हणजे तिचं घर एकच नसतं. ती तीन-चार जागा हेरून ठेवते आणि पिल्लांना तोंडात धरून आलटून पालटून हलवते. पिल्लं साधारण तीन महिने घरट्यात राहतात.

खरी अडचण ढोलीची आहे. रेड पांडा ढोली कोरू शकत नाही, ती जुन्या झाडात आपोआप तयार झालेली असावी लागते. आणि सरपणासाठी आधी तोडली जातात ती अशीच वाळलेली, पोकळ झाडं. बांबू पुन्हा उगवतो, पण झाड पोकळ होण्याइतकं जुनं व्हायला कित्येक दशकं जातात. शिवाय गुरं, कुत्री किंवा माणसं जवळ वावरली की बिथरलेली आई पिल्लांना पुन्हा पुन्हा हलवते आणि त्यात पिल्लं दगावू शकतात. म्हणूनच प्राणिसंग्रहालयात मादीला एकाहून जास्त घरटी-पेट्या देतात आणि त्या दिवसांत पिंजऱ्याजवळची वर्दळ कमी ठेवतात.