लोणीकंदची खानेसुमारी आणि वाहतूक

पेशवाई इ. स. १८१८ त बुडाली. पुढें लवकरच डॉक्टर टॉमस कोट्स यानें पुण्याच्या ईशान्येस नगरच्या वाटेवर असलेल्या लोणीकंद गांवाचें सविस्तर वर्णन लिहिलें. तें मुंबईच्या लिटररी सोसायटीनें इ. स. १८२३ सालीं छापिलें. याच गांवाची पुन्हां पाहणी करून डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं इ. स. १९६० सालीं स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामुळें कोट्सचें टिपण समाजशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. परंतु इतिहाससाधन म्हणून त्याचा विचार व्हावा तितका झालेला नाहीं.

कोट्सच्या गणतींत गांवचीं माणसें ५५७ आणि जमीन ३६६९ एकर, म्हणजे सुमारें पावणेसहा चौरस मैल. यावरून चौरस मैलास ९७ माणसें पडतात. इ. स. १८८१ च्या खानेसुमारींत पुणें जिल्ह्याचें हें प्रमाण १६८ आहे. तेवढ्यावरून साठ वर्षांत वस्ती पावणेदोनपट झाली असें कोणी म्हणेल. पण तें सयुक्तिक नव्हे. एक तर जिल्ह्याच्या आंकड्यांत पुणें शहर व छावणी येते. दुसरें असें कीं, इ. स. १८०२ ची होळकरांची स्वारी व लगोलगचा १८०३-०४ चा दुष्काळ यांनीं हा प्रांत उजाड झाला होता आणि १८१८ च्या प्रारंभीं शेजारींच कोरेगांवची लढाई झाली. कोट्सनें मोजली ती घाव सोसलेली वस्ती होय. शिवाय वाढ सरळ रेषेंत झालेली नाहीं. इ. स. १८७२ सालीं जिल्ह्यांत ९,२१,३५३ माणसें होतीं, तीं १८८१ त ९,००,६२१ झालीं. मध्यें १८७६-७७ चा दुष्काळ पडला होता.

आतां वाहतुकीकडे वळूं. त्या काळीं लांबच्या मालाचें मुख्य वाहन बैलाची पाठ हेंच. भरीव चाकांचा जड गाडा शेतांत व गांवाजवळ चाले. घाटांतून मीठ येई तें गोणींत भरून, वंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर. बोरघाटांत गाडीरस्ता इ. स. १८३० त खुला झाला. खंडाळा ते पुणें आगगाडी १८५८ त सुरू झाली. धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ त झाला, तेव्हां नगरकडील मालास पुण्याच्या सडकेवांचून दुसरी वाट मिळाली. गाडीस जुंपलेली बैलजोडी पाठीवरच्या ओझ्याच्या कितीतरी पट माल ओढते. तेव्हां सडक हा गांवच्या अर्थव्यवहारांतील मोठा पालट होय. पण त्याचा लाभ सडकेजवळच्या गांवास आधीं झाला, आडवळणाच्या गांवास मागाहून.

सर चार्ल्स मेटकाफ याच्या इ. स. १८३० च्या टिपणापासून हिंदुस्थानांतील गांव म्हणजे स्वयंपूर्ण लहानसें प्रजासत्ताक, असें मत रूढ झालें आहे. लोणीकंदचा पुरावा त्यास अनुकूल नाहीं. येथील ८४ शेतकरी कुटुंबांपैकीं बहुतेक कर्जांत होतीं, असें कोट्स सांगतो. सारा नगद भरावयाचा, म्हणजे धान्य विकणें आलें. विकणें आलें म्हणजे बाजार, वाट व सावकार हीं आलींच. मीठ व लोखंड तर बाहेरूनच यावयाचें. बलुतें गांवाच्या आंत फिरे, पण गांव त्यावरच जगत नव्हतें. गांवची लोकसंख्या व वाहतूक हे म्हणूनच एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत: किती माणसें राहिलीं हें कळण्यास काय आलें व काय गेलें हें कळलें पाहिजे.

कोट्स हा परका निरीक्षक. त्याचें म्हणणें ताडून पाहण्यास आपलेच कागद हवेत. खानेसुमारीचे बंद, झाडत्या, जकातीचे हिशेब, रहदारीचे दाखले हे कुलकर्ण्यांच्या दप्तरांत असत. कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं आणि अशा दप्तरांस वाली उरला नाहीं. संग्राहकाची नजर शिक्क्याच्या सनदेकडे आधीं जाते, हें स्वाभाविक आहे. तथापि सनदेवरून वतनदार कोण तें कळतें. त्याच्या गांवांत माणसें किती, बैल किती, आणि आषाढांत मीठ कोठून आलें, हें त्या बिनशिक्क्याच्या रुमालांतूनच कळावयाचें. रुमाल हातीं आल्यास तो न फोडतां, कागदांचा मूळ क्रम राखून, समग्र जतन करावा, एवढीच आमची विनंति आहे.