फेटियावरचं रान

सुईदोरा आणि हिंगोली यांचं नातं जुनं आहे. नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. नामदेव शिंपी, त्यांच्या अभंगांत सुई, दोरा, कात्री, गज अशी धंद्यातली हत्यारं येतात. हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. याच जिल्ह्यातल्या तांड्यांवर बायांच्या हातात आणखी एक सुई होती. तिच्याविषयी फार थोडं लिहिलं गेलं. माझ्या याडीच्या, म्हणजे आईच्या, हातात तीच सुई होती.

आम्ही गोरमाटी. इकडं बंजारा म्हणतात, कर्नाटकात लंबाणी. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर पोचवायचं, हा आमचा पिढीजात धंदा. सतराव्या शतकात टॅव्हर्निए नावाच्या फ्रेंच प्रवाशानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलंय. पुढं पक्के रस्ते झाले, रेल्वे आली आणि बैलांचं काम संपलं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. फिरस्त्या माणसाकडं संशयानं बघायची रीतच पडली. कायदा १९५२ साली रद्द झाला, नजर मात्र लवकर बदलली नाही. तांडे गावाबाहेरच्या माळावर थांबले. अनेकांपाशी जमीन नव्हती. आमच्या बोलीला स्वतःची लिपीही नाही. वाटेत जे पाहिलं ते बायांनी कापडावर ठेवलं: घागऱ्यावर, म्हणजे फेटियावर, आणि कांचळीवर.

याडी कापडावर खडूची रेघ कधी ओढत नसे. जाड, घट्ट विणीचं लाल नाहीतर निळं कापड घ्यायची आणि उभे-आडवे धागे मोजून टाका घालायची. मोजून घातलेल्या टाक्यात गोल वस्तू गोल राहत नाही. पळसाच्या फुलाला वाक असतो. तो वाक कापडावर आला की त्याच्या पायऱ्या होतात. पानाचा त्रिकोण होतो, फुलाचा चौकोन. म्हणून शहरातल्या माणसाला आमच्या भरतकामात नुसते चौकोन आणि त्रिकोण दिसतात. आमच्या घरी त्या प्रत्येकाला नाव होतं. हे करडईचं फूल, हे ज्वारीचं कणीस, ही मुंग्यांची रांग. फेटियाच्या घेरावर फिरणारी त्रिकोणांची ओळ म्हणजे औंढ्याकडचे डोंगर.

निंदायला गेली की याडी धुऱ्यावर बसून करडईचं बोंड बोटांत फिरवत राहायची. काटे टोचायचे, पण सोडायची नाही. "हिच्या पाकळ्या मोजायला गेलीस तर वेडी होशील," म्हणायची, "चार बाजू धर, बाकीचं रंगावर सोड." मग रात्री चिमणीच्या उजेडात पिवळ्या दोऱ्याशेजारी तांबडा दोरा यायचा. वाळत आलेल्या करडईचा रंग तसाच असतो. हळदीच्या पानाचा हिरवा आणि जवसाच्या फुलाचा निळा हे रंगही तिनं रानातूनच उचलले.

जे आमच्या रानात नव्हतं, तेही त्या कापडावर होतं. कडेला कवड्या असायच्या. कवडी समुद्रातली. मालदीव बेटांजवळच्या कवड्या व्यापारातून हिंदुस्थानभर पसरल्या. कित्येक ठिकाणी त्या सुट्ट्या पैशांसारख्या चालत. हिंगोलीच्या माळावरच्या बाईच्या कांचळीवर समुद्र कसा आला, याचं उत्तर बैलांच्या वाटेवर सापडतं. कापडावर आरसेही असत. आरशाला भोक नसतं, म्हणून त्याच्याभोवती दोऱ्याची चौकट विणून त्याला धरून ठेवावं लागतं. लोक म्हणतात, आरशानं दृष्ट लागत नाही. याडीच्या लेखी ते पाणवठे होते. हजारो बैल हाकणाऱ्यांना पाणी कुठं आहे हे आधी माहीत असावं लागायचं.

पुढं आम्ही पोरं शाळेत गेलो. पोशाखावरून लोक ओळखायचे, चिडवायचे. बाया साड्या नेसू लागल्या आणि फेटिये पेटीत गेले. तिथून कित्येक बोहारणीच्या गाठोड्यात गेले. आमच्या घरातला एक स्टीलच्या पातेल्यावर गेला. पातेलं अजून आहे. त्या फेटियावरच्या अर्ध्या नक्ष्यांची नावं मात्र आता कुणालाच आठवत नाहीत.

कर्नाटकातल्या सांडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालंय. तिथं टाक्यांची नावंही टिकलीत; त्यातल्या एका नावात सूर्यकांती, म्हणजे सूर्यफूल, आहे. आमच्या तांड्यांवरच्या पोरी आता मोबाईलवर बघून गुलाब भरतात. गुलाबही छान दिसतो, पण तो आमच्या माळावर उगवत नाही.

मी हल्ली वही घेऊन म्हाताऱ्या बायांपाशी जाऊन बसते. एकाच नक्षीला एका तांड्यावर करडई म्हणतात, दुसऱ्यावर चांदणी. मी दोन्ही नावं लिहून घेते. तुमच्या घरी असा जुना तुकडा असेल तर तो द्यायच्या आधी घरातल्या म्हातारीपुढं पसरा आणि एकेका चौकोनावर बोट ठेवून नाव विचारा. ती सांगेल. फक्त लिहून घ्यायला उशीर करू नका.