३८६ ला निरोप



बरेच दिवस इकडे काही लिहिले नाही. तब्येत ठीक आहे, काळजी नसावी. मध्यंतरी एका छोट्याशा प्रश्नात अडकलो होतो, आणि तो सोडवायला गेलो तर चाळीस वर्षांचा इतिहास हाती लागला. इतिहासाच्या मास्तराचे हे असेच व्हायचे!

आमच्या घरातला छोटा काळा संगणक नात्यातल्या बहुतेकांनी पाहिलेला आहे. २०१० साली लेकीने आणला. त्यांना तेव्हा नेटबुक म्हणत. वहीएवढा आकार, ॲटम प्रोसेसर, १ जीबी मेमरी. आणला माझ्यासाठी, पण बळकावला आमच्या हिने. निवृत्तीनंतर तिने त्यावर माहेरच्या आठवणी लिहायला घेतल्या. कोकणातले घर, सांदणांचे प्रमाण, आत्याबाईंची भांडणे, सगळे काही. २०२१ मध्ये ती गेली. शेवटचे पान अर्धेच राहिले आहे.

त्या संगणकावर विंडोज एक्सपी होते. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल थांबवली, तेव्हा जावईबापूंनी त्यावर लिनक्स चढवले. लिनक्सचेही पुष्कळ प्रकार आहेत, त्यांना डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. आमचे डेबियन. साधारण दर दोन वर्षांनी त्याची नवी आवृत्ती येते, आणि अपग्रेड करायचे की नाही हा प्रश्न उभा राहतो. आतापर्यंत उत्तर ‘हो’ असे. या खेपेला ‘हो’ म्हणता येईना.

थोडे मागे जाऊ. १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस तोरवाल्डस या विद्यार्थ्याने लिनक्स लिहिले, ते त्याच्या घरच्या ३८६ वर. ३८६ म्हणजे इंटेलचा १९८५ चा ३२ बिटी प्रोसेसर. हे ३८६ सोडून दुसऱ्या कशावर चालेल असे त्यालाही तेव्हा वाटत नव्हते. पुढे १६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेत इयन मरडॉक याने डेबियनची घोषणा केली. नाव कसे पडले? मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, दोघांची नावे जोडून. (आपल्याकडे बंगल्यांना अशी नावे असतात!) मरडॉक २०१५ च्या डिसेंबरात गेला, आणि २०१७ ची आवृत्ती त्याच्या स्मृतीला अर्पण केली गेली.

आवृत्त्यांच्या नावांची गंमत नातवंडांना जरूर सांगा. ती सगळी ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटांतल्या पात्रांची आहेत, कारण सुरुवातीच्या काळात डेबियनचा प्रमुख असलेला ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होता. बझ, रेक्स, हॅम, पोटॅटो, वुडी... आणि कायम अस्थिर असणाऱ्या, प्रयोगाच्या शाखेचे नाव सिड, म्हणजे खेळणी मोडणारा तो पोरगा. मास्तर म्हणून मला हे फार पटले. प्रत्येक वर्गात एक सिड असतोच.

१९९८ च्या हॅममध्ये पायाभूत ‘सी लायब्ररी’ बदलली. घर पाडून बांधण्यातला प्रकार, पण जुने नवे काही काळ शेजारीशेजारी नांदेल अशी सोय केली होती. वुडी २००२ मध्ये आली आणि पुढची सार्ज यायला जवळजवळ तीन वर्षे लागली. लोक कंटाळले, पण तयार झाल्याशिवाय बाहेर काढायचे नाही हा हट्ट त्यांनी सोडला नाही. २००९ च्या लेनीबद्दल मात्र आपण विशेष आनंद मानावा. तिच्यापासून डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत बोलू लागला. तोही फक्त चित्रमय रूपात, कारण साध्या अक्षरांच्या पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरे नीट उमटत नसत. हिने त्याच्यातली वाक्ये मोठ्याने वाचली होती आणि दोन ठिकाणी शुद्धलेखन काढले होते.

सगळ्यात मोठे भांडण २०१४ चे. संगणक सुरू होताना कोणती कामे कोणत्या क्रमाने करायची हे ठरवणारा जो मुकादम असतो, तो बदलून ‘सिस्टमडी’ नेमायचे ठरले. वाद इतका पेटला की काही मंडळी फुटून निघाली आणि त्यांनी ‘डेव्हुआन’ नावाचे वेगळे बिऱ्हाड केले. मला सांगायचे तर, २०१५ मध्ये आमच्या नेटबुकवर तो बदल झाला आणि आम्हा दोघांना पत्ताही लागला नाही.

२०१७ चे अपग्रेड मात्र विसरणे शक्य नाही. सकाळी दहाला सुरू केले. बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे यंत्र थेट विजेवर. साडेअकराला वीज गेली. पुन्हा सुरू केले तर काळ्या पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे. आणि हिच्या तोवरच्या साठ-सत्तर पानांची दुसरी प्रत कुठेही नव्हती! ती काही बोलली नाही, स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरत बसली. मला तर ओरडली असती तर बरे वाटले असते. रात्री नातवाने फोनवरून एक आज्ञा अक्षर-अक्षर सांगितली, अर्धवट राहिलेली पॅकेजे पूर्ण बसवण्याची. पहाटे तिचे पान पडद्यावर आले. तेव्हापासून पेनड्राइव्हवर प्रत काढल्याशिवाय मी अपग्रेडला हात लावत नाही.

आता मुख्य मुद्दा. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३ आली, नाव ट्रिक्सी. कर्नल ६.१२, जवळजवळ सत्तर हजार पॅकेजे, ‘रिस्क-५’ या मुक्त रचनेच्या प्रोसेसरना प्रथमच अधिकृत स्थान. तात्पुरत्या फायलींची जागा आता डिस्कऐवजी मेमरीत असते, म्हणजे कमी मेमरीवाल्यांनी जपून. आणि या यादीत एक ओळ अशी की ३२ बिटी पीसीसाठी, म्हणजे ‘आय३८६’ साठी, यापुढे इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. असे यंत्र असेल तर ट्रिक्सीवर अपग्रेड करू नका, असे त्यांनीच स्पष्ट लिहिले आहे.

हे अचानक झालेले नाही. खरे ३८६ तर लिनक्सच्या कर्नलने २०१३ मध्येच सोडले होते, आणि तोरवाल्डसने त्याबद्दल जराही हळहळ दाखवली नाही. इंटेलने त्याचे उत्पादन २००७ मध्ये थांबवले. त्याच वर्षी डेबियनच्या एच आवृत्तीत ६४ बिटी शाखा पहिल्यांदा अधिकृत झाली. डेबियनमध्ये ‘३८६’ हे नाव राहिले, पण आतली पात्रता वाढत गेली. २०१७ मध्ये पहिल्या पेंटियमचीही नावे कापली गेली. उबुंटू आणि फेडोरा यांनी ३२ बिटी यंत्रांचे दार डेबियनच्या बरेच आधी बंद केले. डेबियनने सर्वांत जास्त कळ काढली, हे कबूल केले पाहिजे.

याला आणखी एक कारण जोडलेले आहे, २०३८ चे. संगणक १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतो. हा आकडा ३२ बिटांत ठेवला तर २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जागाच उरत नाही, आणि ती वेळ येते १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला यंत्र थेट १९०१ मध्ये! ट्रिक्सीमध्ये या आकड्याला ६४ बिटांची जागा दिली, फक्त आय३८६ ला तेवढी वगळले. जुने प्रोग्रॅम चालू राहावेत म्हणून.

तुमच्याकडे जुना संगणक असेल तर एक पाहून ठेवा. टर्मिनलवर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली की प्रोसेसर ३२ बिटी की ६४ बिटी ते कळते. पुष्कळांचा प्रोसेसर ६४ बिटी असतो पण त्यावर डेबियन ३२ बिटी बसवलेले असते. त्यांनी प्रत काढून नव्याने ६४ बिटी बसवावे. आणि मधली आवृत्ती ओलांडून उडी मारू नये, ११ वरून आधी १२, मग १३. आमचा ॲटम मात्र पक्का ३२ बिटी निघाला. तीनदा आज्ञा देऊन पाहिली.

नातवाने आपला जुना लॅपटॉप मला दिला आहे, त्यावर ट्रिक्सी छान चालते. हे मी त्याच्यावरच लिहितो आहे. हिची सगळी पाने त्यात आली, आणखी दोन ठिकाणी प्रती आहेत. नातू म्हणाला, “आजोबा, आता तो डबा कशाला ठेवताय तुम्ही?” बरोबर आहे त्याचे. पण त्या यंत्रात ‘ळ’ ची कळ झिजून कोरी झाली आहे. फणसाळ, उन्हाळा, ओहोळ, वेळ. तिच्या लिखाणात ‘ळ’ फार.

मग असे ठरवले. नेटबुकवर डेबियन १२ तसेच राहील. त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या दीर्घ मुदतीच्या योजनेतून ३० जून २०२८ पर्यंत मिळायच्या आहेत. त्यानंतर इंटरनेटची जोडणी काढून टाकीन. २०३८ च्या त्या सकाळी मी असलोच तर अठ्ठ्याऐंशीचा असेन. आठ चव्वेचाळीसला चहा घेऊन त्याच्यासमोर बसायचा विचार आहे.

परवा लेकीने विचारले, आईचे ते अर्धे पान तुम्ही पूर्ण करणार का? वाक्य “आषाढात पऱ्ह्याला पाणी आले की” इथवर आहे. पुढे काय व्हायचे ते मला ठाऊक नाही, मी देशावरचा. तिच्या माहेरच्यांपैकी कुणाला आठवत असेल तर कळवा.