मागे पडलेली पट्टी

ॲपवर लुकलुकणारा भाव 'आत्ताचा' आहे असं आपण धरून चालतो. हा 'आत्ता' नेमका केव्हाचा, असं कुणी विचारलं की मला २४ ऑक्टोबर १९२९ चा न्यूयॉर्कचा शेअरबाजार आठवतो.

त्या गुरुवारी जवळपास १ कोटी २९ लाख शेअर्सचे सौदे झाले. भाव देशभर पोचायचे ते टिकर नावाच्या यंत्रातून. तारेवरून संदेश यायचा आणि कागदाच्या अरुंद पट्टीवर कंपनीचं लघुनाव आणि भाव छापला जायचा. वेग मिनिटाला २८५ अक्षरं. विक्रीचा लोंढा आला तसं यंत्र मागे पडत गेलं. बाजार ३ वाजता बंद झाला, पण टिकर संध्याकाळी ७ वाजून ८ मिनिटांपर्यंत दुपारचेच सौदे छापत होता.

आता समजा, पट्टीवर ५० डॉलर दिसतायत. तुम्ही '४९ च्या खाली विकू नका' असं ब्रोकरला कळवता. ही झाली लिमिट ऑर्डर. पण तो ५० दीड तासापूर्वीचा आहे, प्रत्यक्षात भाव ४० वर आलाय. तुमची ऑर्डर तशीच पडून राहते, आणि का ते तुम्हाला संध्याकाळपर्यंत कळत नाही. मग माणूस अट काढून टाकतो: मिळेल त्या भावाला विका! घबराटीत मंदीइतकाच या आंधळेपणाचाही हात होता, असं मला वाटतं.

त्या दिवसाची सगळ्यात गाजलेली ऑर्डरसुद्धा लिमिट ऑर्डरच होती. दुपारी दीडच्या सुमारास बड्या बँकांच्या वतीने रिचर्ड व्हिटनी फ्लोअरवर आला आणि त्याने यू. एस. स्टीलचे १० हजार शेअर्स २०५ डॉलरने मागितले. इतरांच्या बोल्या त्याहून खाली होत्या. म्हणतात, त्याने जागेवर जेमतेम २०० शेअर्स घेतले आणि बाकीची ऑर्डर तिथेच ठेवून तो पुढे गेला. बाजार काही वेळ सावरला. (हाच व्हिटनी पुढे १९३८ मध्ये अफरातफरीसाठी तुरुंगात गेला, ते वेगळं.) त्याच पडझडीतला आणखी एक किस्सा सांगतात. एका ब्रोकरने ऑर्डरी नीट राहाव्यात म्हणून कचऱ्याच्या टोपलीत कोंबल्या आणि तो विसरून गेला. त्या चिठ्ठ्यांमागच्या माणसांचं काय झालं, हे किस्सा सांगणारे सांगत नाहीत.

आपल्या मुंबईत तर पट्टी मागे पडायचाही प्रश्न नव्हता. दलाल स्ट्रीटवर १९९५ पर्यंत सौदे ओरडून व्हायचे. सौदा किती वाजता झाला याची नोंद ग्राहकापर्यंत यायचीच नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात दिवसाचा उच्चांक आणि नीचांक दिसायचा, आणि ब्रोकरने त्या दोहोंच्या मधला कुठलाही भाव लावला तरी वाद घालायला तुमच्याकडे पुरावा नसायचा. बाजाराच्या बोलीत या चोरट्या फरकाला 'गाळा' म्हणत. १९९४ मध्ये एनएसईच्या स्क्रीनवर शेअर्सचे सौदे सुरू झाले आणि प्रत्येक ऑर्डरला वेळेचा शिक्का बसला: आधी चांगला भाव, भाव सारखा असेल तर आधी आलेला. म्हणून आजही तुमच्या लिमिटला भाव शिवून जातो आणि ऑर्डर पेंडिंगच राहते. तुमच्या पुढे रांग असते, एवढंच.

२४ फेब्रुवारी २०२१ ला मात्र त्या स्क्रीनवरचे निफ्टीचे आकडेच हलेनासे झाले. ११:४० ला एनएसईवरचे व्यवहार थांबले, ते ३:४५ ला पुन्हा सुरू झाले. तोवर काही ब्रोकरांनी ग्राहकांचे इंट्राडे सौदे बीएसईवर मिटवूनही टाकले होते.