दप्तर न उघडल्यास

कोंकणांतील कचेऱ्यांत जमिनीचे कागद रुमालांत बांधून ठेवीत, त्या काळीं रत्नागिरीस उतारा मागावयास आलेल्या कुळाला कारकुनाकडून तीन प्रकारचे नकार मिळण्याचा संभव असे : असा रुमाल दप्तरांत नाहीं, आहे, पण तो पाहण्याचा तुम्हांस अधिकार नाहीं, किंवा आहे, पण आज दुसऱ्याच्या कामांत गुंतला आहे. प्रत्येक नकारावरील उपाय निराळा. परंतु कारकुनानें मुकाट्यानें कोरा कागद हातीं दिला असता, तर कुळाचा हक्कच बुडाला असता.

संगणकांतील नोंदींचा असा रुमाल म्हणजे फाईल. ती न उघडल्यास काय करावें, ह्या प्रश्नाचीं उत्तरें निरनिराळ्या भाषांनीं निरनिराळीं दिलीं. १९६४ च्या सुमारास आखलेल्या पीएल-वन भाषेंत अशा प्रसंगींची तजवीज आधींच लिहून ठेवण्याची सोय होती. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची ह्यांनीं बेल प्रयोगशाळेंत घडविलेल्या सी भाषेनें वेगळी रीत धरली. तेथें 'कांहीं मिळालें नाहीं' एवढेंच उत्तर हातीं येतें, आणि कारण निराळ्या जागीं अंकानें नोंदलें जातें. युनिक्समध्यें २ म्हणजे फाईल नाहीं, १३ म्हणजे परवानगी नाहीं. रीत सुटसुटीत खरी. पण तपासण्याचा भार विचारणाऱ्यावर पडला, आणि घाईंत कित्येकांनीं तो टाळला.

१९९५ सालीं पुढें आलेल्या जावा भाषेनें म्हणून शिस्त कडक केली. फाईल न मिळाल्यास काय करणार, किंवा ती जबाबदारी कोणावर सोपविणार, हें लिहिल्यावांचून तेथें प्रोग्रॅम स्वीकारलाच जात नाहीं. त्यांतही पळवाट निघालीच : चूक पकडावयाची आणि कांहींएक न करतां सोडून द्यावयाची.

फाईल आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें व मग उघडावी, असें नवशिक्यास वाटतें. परंतु पाहणें आणि उघडणें ह्यांमधील क्षणांत दुसरा कोणी ती हलवूं शकतो. म्हणून थेट उघडण्याचा यत्न करावा आणि मिळालेलें उत्तर नीट वाचावें.

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. रुमाल सोडणाऱ्या कारकुनाचें काम प्रोग्रॅमकडे आलें. 'नोंद नाहीं' आणि 'नोंद उघडतां आली नाहीं' ह्यांतील भेद त्यानें राखला नाहीं, तर आंब्याच्या बागेचा धनी कागदोपत्रीं भूमिहीन ठरावयाचा. जुन्या कारकुनाप्रमाणें त्यानेंही नकार द्यावा तो कारण सांगूनच.